कुलूप उघडायची परवानगी

सिनेमात बाईला कसं दाखवतात यावर टीका करणारा माहितीपट काढायचा, तर त्या सिनेमाचा तुकडा दाखवावाच लागतो. नुसतं तोंडी सांगून कुणाला पटणार? अमेरिकेच्या कायद्यात टीका, शिक्षण, बातमी अशा कामासाठी मालकाला न विचारताही दुसऱ्याच्या कलाकृतीतला गरजेपुरता भाग वापरता येतो. त्याला ‘फेअर यूज’ म्हणतात.

पण १९९८ च्या कायद्यानं डीव्हीडीवरचं डिजिटल कुलूप तोडणंच बेकायदा ठरवलं. म्हणजे विहिरीचं पाणी भरायला मुभा, आणि झाकणाला हात लावला की गुन्हा!

यातून सूट मागायची सोय दर तीन वर्षांनी असते. पण छोट्या माहितीपटवाल्यांकडे वकिलाला द्यायला पैसे कुठले? त्यांच्या मदतीला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी आले, तेही फुकट. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली त्यांनी अर्ज लिहिले, कुणाचं काम कुठं अडतंय ते पुराव्यानिशी मांडलं. २०१० मध्ये माहितीपटांना सूट मिळाली. २०१२ मध्ये सिनेमाची चिकित्सा करणाऱ्या ई-पुस्तकांच्या लेखकांनाही मिळाली.

मात्र सूट तीनच वर्षांची. मुदत संपली की पुन्हा मागायची. तोवर जुने विद्यार्थी पास होऊन गेलेले, कागद नव्यांच्या हाती. आम्हाला कौतुक या चिकाटीचं वाटतं.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ टीका-समीक्षेला मोकळीक देतं. गटाच्या व्हिडिओत सिनेमाचा तुकडा घ्याल, तेव्हा मुद्द्यापुरताच घ्या आणि सिनेमाचं नाव लिहा. करमणुकीसाठी अख्खं गाणं लावलं, तर हे कलम कामाला येणार नाही.