मैदान कुणाच्या पैशाचं?

मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत बुलडाण्याच्या प्रथमेश जवकारने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्णही मिळवलं. कंपाउंड प्रकारात निशाण पन्नास मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटर व्यासाचं. या सरावाला प्रेक्षागार लागत नाही. लागतो तो सपाट पट्टा, मागे बाण अडवणारी सुरक्षित जागा, लाखाच्या वरचं धनुष्य आणि चंद्रकांत इलग यांच्यासारखा प्रशिक्षक. स्टेडियम सरकारने बांधावं की खासगी पैशातून उभं राहावं, हा वाद बुलडाण्यात बसून ऐकला की त्याचे संदर्भच बदलतात.

खासगी पैशाचं आपल्याकडचं जुनं उदाहरण मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमचं. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बॅकबेच्या भरावातली जमीन घेतली, 1936 मध्ये पायाभरणी झाली आणि पुढच्याच वर्षी मैदान खुलं झालं. पण ती जमीनही सरकारकडूनच मिळाली, साडेतेरा रुपये चौरस यार्ड दराने, आणि नाव लागलं गव्हर्नरचं. पुढे तिकिटांच्या वाटपावरून क्लबचं आणि मुंबई क्रिकेट संघटनेचं बिनसलं आणि 1975 च्या सुमारास हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. तेही सरकारी जमिनीवर, भाडेपट्ट्याने. तिथल्या आयपीएल सामन्यांच्या बंदोबस्ताचं पोलिसांचं शुल्क राज्य सरकारने 2023 मध्ये कमी केलं, तेही 2011 पासूनच्या मागील प्रभावाने, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. याला निव्वळ खासगी मैदान कसं म्हणायचं? विटा संघटनेच्या असतील, पण पायाखालची जमीन आणि फाटकावरचा पोलीस जनतेचाच आहे.

पुण्याजवळच्या गहुंजेच्या क्रिकेट मैदानाची कथा आणखी बोलकी आहे. 2012 मध्ये सहारा समूहाच्या प्रमुखांचं नाव मिरवत ते मैदान सुरू झालं. ठरलेले पैसे आले नाहीत, नाव उतरलं, आणि 2018 मध्ये सुमारे सत्तर कोटींच्या थकबाकीपोटी बँकांनी त्याचा प्रतीकात्मक ताबा घेतला. खासगी भांडवलाची जोखीम शेवटी सार्वजनिक बँकेच्या दारात आली. अमेरिकेतल्या सेंट लुईसला उलटा फटका बसला: शहर, काउंटी आणि राज्याच्या पैशातून 1995 मध्ये बांधलेल्या स्टेडियममधून रॅम्स हा संघ 2016 मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि करदाते मात्र पुढेही कर्ज फेडत राहिले.

बुलडाण्यात असा कुणी गुंतवणूकदार येणार नाही. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात तिकीट विकणारा व्यावसायिक संघ नाही, जाहिरातदारांना हवी असलेली गर्दीही नाही. म्हणून इथला पैसा सरकारचाच असणार, आणि तसाच असायला हवा. राज्याने 2022 मध्ये तालुका क्रीडा संकुलाची अनुदानमर्यादा एक कोटीवरून पाच कोटी आणि जिल्हा संकुलाची आठवरून पंचवीस कोटी केली. वाढ मोठी आहे.

खरी गोम बांधकाम झाल्यानंतर सुरू होते. सिंथेटिक ट्रॅक कायम टिकत नाही. साधारण आठ-दहा वर्षांत त्याचा वरचा थर बदलावा लागतो. त्याची तरतूद नसेल तर आधी रंग उडतो, मग पापुद्रे निघतात आणि पोरं परत डांबरी रस्त्यावर धावू लागतात. इमारतीच्या कोनशिलेवर नाव लागतं. रोज ट्रॅक झाडणाऱ्या आणि दिवे लावणाऱ्या माणसाचा पगार कोनशिलेवर येत नाही, म्हणून तो आधी कापला जातो. बुलडाण्याच्या जिजामाता प्रेक्षागारासारख्या मैदानावर सभा-समारंभही व्हावेत, गावाला मोकळी जागा हवीच. पण सरावाच्या वेळा त्यात बुडू नयेत.

माझं मत सरळ आहे. मंजूर रकमेचा ठरावीक हिस्सा देखभालीसाठी वेगळा ठेवल्याशिवाय कुठल्याही संकुलाला निधी देऊ नये, आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांआधी सरावाचे पट्टे, प्रशिक्षकांचं मानधन आणि मुलींसाठी स्वच्छतागृहं यांना पैसा द्यावा. तुमच्या तालुक्यात संकुल होत असेल, तर भूमिपूजनाच्या दिवशीच देखभालीचा आकडा विचारा आणि तो लेखी मागा.