डफाच्या थापेवरचं सरकार

भंडारा जिल्ह्यात १९४२ म्हटलं की तुमसरचा गोळीबार आठवतो. ऑगस्टमध्ये माणसं उठली, गोळ्या झेलून हुतात्मा झाली. त्याच ‘चले जाव’ आंदोलनातून साताऱ्यात मात्र समांतर सरकार, म्हणजे प्रतिसरकार, उभं राहिलं आणि टिकलं. संपादकांनी प्रतिसरकारवर लिहायला सांगितलं तेव्हा हा फरकच डोक्यात होता.

ठळक इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९४३ ते १९४६ हा काळ, क्रांतिसिंह नाना पाटलांचं नेतृत्व, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे. मी रेंगाळलो तो प्रतिसरकारचा प्रचार करणाऱ्या शाहीर शंकरराव निकमांच्या डफापाशी.

रशियात क्रांतीनंतर छापखाना आणि चित्रपट घेऊन रंगीत प्रचारगाड्या धावल्या. साताऱ्यातल्या भूमिगतांना असा थाट कुठून परवडणार? पण पोवाड्याला यंत्र लागत नाही. शाहिरानं कडवं म्हणायचं, झीलकऱ्यांनी ते उचलायचं. दुसऱ्या दिवशी तेच बांधावर, पाणवठ्यावर. पत्रक सापडलं की जाळता येतं, गावाच्या तोंडचं कडवं कसं जप्त करणार? नाना पाटलांचं भाषणही तसंच, शेतकऱ्याच्या घरच्या बोलीतलं.

तरी नुसत्या गाण्यानं सरकार चालत नाही. ऐकणाऱ्याला ताळा पाहता येत होता. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळात त्याच्याच गावातला तंटा मिटत होता. गांधी-विवाहात हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. पोवाड्यातला शब्द चावडीवर खरा ठरत होता, म्हणून बहुतेक लोक फितले नाहीत.

माझी काळजी पुढची आहे. याच सरकारची दुसरी प्रसिद्धी भीतीची होती. खबऱ्याच्या तळपायांना पत्रे ठोकतात, ही वदंता गावोगाव फिरली. तळपायांवर फटके बसत, हेही खरं. डफ शूराचं गुणगान करतो. ज्याला शिक्षा झाली त्याची बाजू पोवाड्यात येत नाही. चुकीच्या माणसाला फटके बसले, तर ते कोण गाणार होतं? न्याय्य लढ्यालाही हा प्रश्न चुकत नाही.

आज आमच्याकडे कलापथकं डफ-ढोलकीवर सरकारी योजना सांगतात. संहिता खात्याची, बिदागी खात्याची. ऐकणाऱ्याला योजना खरंच पोचली का, हे विचारायची जागा त्या खेळात नसते. ती जागा द्यायला हवी. प्रश्न विचारता येतो तोवर प्रचार लोकांचा असतो. ती सोय गेली की उरतो तो सत्तेचा आवाज, मग सत्ता क्रांतीची असो वा निवडून आलेली.