चोप, बोटं आणि घोड्याचे कान

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे लागोपाठचे मुक्काम माळशिरस तालुक्यातच पडतात. रिंगणाच्या गर्दीत कुणी फारसं बघत नाही, पण संवादशास्त्राच्या अभ्यासकाला खरा ऐवज मिळतो तो संध्याकाळी तळावर, समाजआरतीच्या वेळी. पालखीभोवती दिंड्या उभ्या असतात. टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ चाललेला असतो, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. चोपदार हातातला चोप, म्हणजे काठी, उंच धरतात आणि बघता बघता सगळा तळ गप्प होतो. मागच्यांना चोप दिसतही नसतो. पुढच्याचे टाळ थांबले की त्यांचेही थांबतात. अशा वेळी एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर त्याचा अर्थ एकच, या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, आणि मग ते टाळही थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याचं आणि उद्याच्या निघण्याच्या वेळेचं सांगितलं जातं.

एवढ्या माणसांची शिस्त एका काठीवर आणि तक्रारीची सोय न थांबलेल्या टाळांवर! मोठमोठ्या कंपन्यांच्या तक्रारपेट्यांना हे साधत नाही, असं माझं मत.

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये अशाब्दिक संवादाचे पाच प्रकार पाडले. त्यातला एक ठरलेल्या खुणांचा. अशा खुणेचा अर्थ त्या समाजात सगळ्यांना ठाऊक असतो आणि ती शब्दाच्या जागी चालते. चोप या वर्गातला. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भावही याच वर्गातला. दलाल गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरतो. किती बोटं धरली त्यावर आकडा, आणि तो शेकड्यातला की हजारातला हे दोघांनाही जनावर बघूनच कळलेलं असतं. भोवती दहा माणसं उभी, पण भाव कुणाला कळत नाही. गंमत अशी की चोपाची खूण सगळ्यांना कळावी म्हणून आहे, आणि रुमालाखालची कुणाला कळू नये म्हणून. शेतमालाच्या व्यवहारात या झाकल्या सौद्यात शेतकरीच नाडला जाई. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. पुढे बाजार समित्या आल्या आणि त्यांच्याबरोबर उघड लिलावाचा नियम आला.

कामाच्या ठिकाणी अशा खुणांवर जीव अवलंबून असतो. या उसाच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत यंत्रांच्या घरघरीत ओरडून उपयोग नसतो. क्रेनचालकाला खालचा माणूस तर्जनी वर करून हात गोल फिरवतो, म्हणजे ‘उचल’. तर्जनी खाली करून फिरवली, म्हणजे ‘उतर’. क्रेनच्या कामात एक नियम कटाक्षाने पाळतात. उचलण्याचा इशारा नेमलेल्या माणसाचाच मानायचा, थांबण्याचा मात्र कुणीही केला तरी मानायचा.

पण आपल्या हातून नकळत सुटणाऱ्या खुणांचं काय? त्यासाठी अकलूजला जावं लागेल. दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या तिथल्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक आधी कान बघतं. पुढे वळलेले कान म्हणजे लक्ष समोर आहे. मागे चिकटवून पाडलेले असले तर मागे व्हायचं. आपण घोडा पारखत असतो तेव्हा घोडाही आपल्याला पारखत असतो. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना माणसाच्या हसऱ्या आणि रागावलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागावलेला चेहरा दिसला की घोडे त्याकडे डाव्या डोळ्याने बघण्याकडे झुकत आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत.

याहून मोठा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकी करी आणि खूर आपटून उत्तर देई. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने साधी युक्ती केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नाही, अशी व्यवस्था केली. हान्स चुकू लागला. त्याच्या डोळ्यांना झापडं लावली, तेव्हाही चुकू लागला. विचारणारा प्रश्न संपताच किंचित पुढे झुके, आणि खुरांचा आकडा उत्तरापाशी आला की त्याचं डोकं तसूभर वर जाई. हान्स गणित नव्हे, ते डोकं वाचत होता. हे सगळं कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःला ती हालचाल आवरणं अवघड गेलं.

म्हणजे अंग बोलतं, यात शंका नाही. जन्मांध मुलंही बोलताना हातवारे करतात, समोरचा अंध आहे हे माहीत असतानाही करतात, असं १९९८ मध्ये आयव्हरसन आणि गोल्डिन-मेडो या संशोधकांनी दाखवलं. मोबाइलवर बोलताना आपण हवेत हात फिरवतो, तो त्याच जातीचा. हातवारे काही अंशी बोलणाऱ्याच्या स्वतःच्या विचाराच्या मदतीला असतात.

घोटाळा पुढे होतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत छातीठोकपणे सांगतात, की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. त्यात एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरांत आणि चेहऱ्यांबरोबर देऊन, बोलणाऱ्याची भावना काय असावी एवढंच लोकांना विचारलं होतं. सगळ्या संवादाला ते लागू नाहीत, असं स्वतः मेहराबियन सांगत आले. ते खरे असते तर परभाषेतलं भाषण आपल्याला ९३ टक्के समजलं असतं!

माळशिरसचा मुलगा पुण्याला मुलाखतीला जातो. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवावी, हे त्याला घरी शिकवलेलं. समोरचा साहेब शेरा मारतो, आत्मविश्वास कमी. हाताची घडी घातली तर ‘काहीतरी लपवतोय’. खोलीत एसी जोरात असेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा माणसं खरं-खोटं ओळखण्यात सरासरी ५४ टक्के बरोबर निघाली. डोळे मिटून अंदाज केला तरी ५० टक्के जमतात.

चोप आणि क्रेनचा हात बिनचूक चालतात, कारण त्यांचा अर्थ आधी सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो. खाली गेलेल्या नजरेचा अर्थ कुणी ठरवलेला नसतो. म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनी घडी-नजरेवर गुण देणं बंद करावं, आणि शंका आली तर उमेदवाराला सरळ विचारावं.