जुन्या मोटारीचें इंजिन

वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांमुळें आमचें छत्रपती संभाजीनगर हें वाहनें घडविणारें शहर झालें आहे. तरीही एखाद्या घराच्या दारांत आजोबांच्या वेळची पद्मिनी मोटार अजून उभी असते. वालचंद हिराचंद यांनीं इ. स. १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी तयार होत असे. मूळच्या इटालियन फियाट ११०० गाडीस इ. स. १९७४ मध्यें पद्मिनी हें नांव मिळालें. अशी गाडी दौलताबादचा घाट चढतांना धापा टाकूं लागली, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ती भंगारांत द्यावी. दुसरा म्हणतो, सारें इंजिन नवें करावें. आमच्या मतें आधीं इंजिनाची शक्ति कोठें गळते हें पाहावें व मगच निर्णय करावा.

पद्मिनीच्या इंजिनांत चार सिलिंडर असून त्यांचें एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर आहे. पिस्टन खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढितो, वर येतांना तें दाबितो, ठिणगीनें तें पेटलें म्हणजे जोरानें खालीं लोटला जातो, आणि पुन्हां वर येऊन धूर बाहेर काढितो. म्हणजे शक्तीस तीन गोष्टी लागतात: पुरा दाब, वेळेवर ठिणगी आणि योग्य मिश्रण. तपासणीही याच क्रमानें करावी. पुष्कळदां पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. त्यानें दोष झांकला जातो, नाहींसा होत नाहीं.

प्रथम प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें मोजावा. चारही आंकडे जवळजवळ सारखे असावे. एखादा फार कमी आला तर त्या सिलिंडरांत चमचाभर इंजिन-तेल घालून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असें समजावें; न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट मिटत नाहींत. टॅपेटची फट कमी झाल्यानेंही असें होतें, म्हणून तें अल्प खर्चाचें काम आधीं करावें.

नंतर ठिणगी. प्लगचें टोंक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळलेलें असेल तर पेट्रोल अधिक जातें. पांढुरकें असेल तर मिश्रण विरळ आहे. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट स्वच्छ करून ठिणगीची वेळ जुळवून घ्यावी.

शेवटीं मिश्रण. पेट्रोलच्या एका भागास वजनानें हवेचे सुमारें १५ भाग लागतात. उन्हाळ्यांतील धुळीनें एअर फिल्टर तुंबला तर हें प्रमाण बिघडतें. शिवाय इ. स. २०२५ मध्यें देशांतील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण सुमारें २० टक्क्यांवर पोहोंचलें. इथेनॉलास जळण्यास हवा कमी लागते. म्हणून जुन्या कार्ब्युरेटरमधून येणारें मिश्रण विरळ ठरतें, आणि त्याचा जेट किंचित् मोठा करण्याचें काम कुशल मिस्त्रीकडे सोंपवावें लागतें. इथेनॉल ओलावा शोषितें व जुन्या रबरी नळ्या खराब करितें. तेव्हां नळ्या बदलाव्या, आणि एकाच पेट्रोलावर गाडी महिनोन्महिने उभी ठेवूं नये.

गाडीचा वेग वाढण्यापूर्वीं ब्रेक मात्र अवश्य तपासावे. प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच घाटावर वडील मंडळींनीं गाडी चालवावी व मुलांनीं किती पेट्रोलांत किती किलोमीटर झाले हें वहींत टिपावें; एका वेळीं एकच बदल केला तरच कारण कळतें. इतकें करूनही चारही सिलिंडरांत दाब नसेल व पत्राही गंजला असेल, तर गाडी भंगारांत देण्यांत कमीपणा नाहीं. परंतु न तपासतां टाकून देणें किंवा न तपासतां पैसा ओतणें, हीं दोन्ही उधळपट्टीच होत. ईश्वरानें जें आपल्या हातीं दिलें, त्याचे आपण कारभारी आहों. आणि कारभाऱ्याचें पहिलें काम हिशेब पाहणें हें होय.