भरल्या गाडीला वीस दिवस

मी इतिहास विषय घेऊन एम.ए. करते, हे आमच्या घरी अजून कुणाला नीटसं पटलेलं नाही. पोलीस भरती, नर्सिंग, बँकेच्या परीक्षा, या वाटा शिरूर कासारमध्ये सगळ्यांना माहीत आहेत. आमचे आई-अण्णा ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन, बैलगाडीसह कारखान्यावर. परत येणार ते उन्हाळा लागल्यावर. तोवर घरी मी आणि आजी. अशा घरातल्या मुलीनं शनिवार-रविवार गाठून मोडकी देवळं आणि एक बेट बघायला जायचं म्हटल्यावर आजी काय म्हणाली असेल, ते सांगायला नको.

आजीची भीती काही अगदीच खोटी नव्हती. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली आणि माणसं गेली, ते तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. शेवटी मुंबईला नोकरी करणारा मावसभाऊ बरोबर येईल, लाइफ जॅकेट घालीन, असं कबूल केल्यावर परवानगी मिळाली.

पहिला मुक्काम तेर. एस.टी.नं बीड, मांजरसुंब्याचा घाट चढून धाराशिव आणि तिथून तेर. तेरणा नदीच्या काठचं हे गाव महाराष्ट्राला संत गोरोबाकाकांमुळे माहीत आहे. पण त्याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं आपल्या धंदेवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. कोणत्या बंदरात काय विकतं, वारे कधी सुटतात, कुठं सावध राहावं, असला रोकडा हिशेब त्यात आहे. त्या पुस्तकात दख्खनच्या दोन बाजारपेठांची खास नावं येतात: पैठण आणि तगर. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. तगर पैठणपासून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकासारखे दगड जात, तगरहून साधं कापड आणि तलम मलमल. आणि हा माल भडोचला कसा जाई? गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखांतून.

हे तगर कोणतं, यावर पूर्वी बराच वाद झाला. कुणी जुन्नर म्हणे, कुणी दौलताबाद. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेरच असल्याचं मांडलं. खरं तर तेर पैठणच्या सरळ पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. व्यापाऱ्यानं ऐकीव माहितीवर लिहिलं असणार. समुद्रकिनाऱ्याच्या माणसाला घाटावरच्या दिशा कळायच्या किती!

तेरला बघण्यासारखं पुष्कळ आहे. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागच्या बाजूनं हत्तीच्या पाठीसारखं गोल आहे, कारण मुळात ते बौद्धांचं चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. मी मात्र जास्त वेळ रमले ती वस्तुसंग्रहालयात. याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर ते उभं राहिलं आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या मातीच्या मूर्ती, नाणी. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. अशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या ढिगाऱ्यात सापडली. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं होतं. म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिकडे पोचलेली होती.

बाहेर पांढरीच्या उंचवट्यावरून चालताना पायाखाली खापरं वाजत होती. एक तुकडा मी उचललाही. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हाक मारली, “बाई, ठेवा तो जागेवर. इथं हाय तवर त्याला गाव हाय.” मी ठेवला. आमच्या प्राध्यापकांनी हीच गोष्ट एक पूर्ण तास शिकवली होती: कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं, हे गेलं की वस्तू मुकी होते.

रात्री धाराशिवहून लातूर-मुंबई गाडी पकडली. सकाळी मुंबई, आणि मग गेटवेवरून लाँच. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण अर्धा वेळ माझे डोळे मिटलेले होते.

घारापुरीला सगळे लेण्यांसाठी येतात, आणि यावंच. सहाव्या शतकातला तो तीन मुखांचा सदाशिव अंधारातून हळूहळू पुढे येतो, तेव्हा आपसूक आवाज खाली जातो. पण मी आले होते मडक्यांसाठी. या बेटाच्या किनाऱ्यावर, विशेषतः मोराबंदरच्या बाजूला, ॲम्फोरा नावाच्या रोमन रांजणांची खापरं सापडली आहेत. दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा हा रांजण भूमध्य समुद्रात दारू, तेल भरून जहाजात आडवा-उभा रचायला सोयीचा. आतून राळ फासलेली असे. पेरिप्लसकार सांगतो, भडोचला दारू खपते, त्यातही इटलीची जास्त. ग्रीसच्या कोस बेटाच्या धर्तीवरच्या जोड-कानाच्या रांजणांचे तुकडे भारतात इतर ठिकाणी मिळाले आहेत. एका बेटाची दारू दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याला लागे ती अशी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी आपल्याकडे ‘रोमन’ म्हणून नोंदलेले बरेच तुकडे रोमन नाहीतच. संशोधक रोबर्टा टोम्बर यांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले कित्येक इराक-इराणकडच्या, कान नसलेल्या, आतून डांबर फासलेल्या रांजणांचे निघाले. रोमचा व्यापार आटल्यानंतरही इराणच्या आखाताशी येणं-जाणं चालूच होतं, असा त्याचा अर्थ. मला हे रोमपेक्षाही मोठं वाटलं. पुस्तकात वाचलेलं एका खापरानं बदलतं, ते असं.

मोराबंदरला मला काय दिसलं? खारफुटी, चिखल, वाळत घातलेली जाळी. रांजणाचा तुकडा एकही नाही. भाऊ म्हणाला, “एवढ्यासाठी आलो आपण?” थोडं वाईट वाटलंच.

परतीच्या लाँचची वाट बघत अण्णांना फोन लावला. ते कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लावून उभे होते. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तिथं काय बघितलं, म्हणून विचारलं. दारूचे रांजण सांगायला लाज वाटली. मी गाड्यांचं सांगितलं. पैठणहून भडोच, वीस दिवस.

“किती लांब हाय?”

मी अंदाजे चारशे किलोमीटर म्हणाले.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. “म्हंजी रोज सहा-सात कोस. भरल्या गाडीला तेवढंच व्हतंय. बराबर लिवलंय त्यानं.”

दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाला इतक्या झटकन दाखला देणारा माणूस मी विद्यापीठात पाहिला नव्हता. मला चेव आला. म्हटलं, मग पैठण ते तेर दीडशेच किलोमीटर भरतं, त्याला दहा दिवस कसे लिहिले? नकाशावर पट्टी ठेवली तर ती रेघ आपल्या तालुक्याच्या पूर्वेकडून, बीडजवळून जाते.

“आगं, मधी बालाघाट न्हाई का? चढाला एका गाडीला दोन जोड्या जुपाव्या लागत्यात. एक गाडी वर न्यायची, बैलं सोडून खाली आणायची, मंग दुसरी. दिस जाणारच की.” मग म्हणाले, “ठेवतो, माझा नंबर आला.”