आधी आवाज बंद करा!

पत्रकारितेचा इतिहास शिकवायचा म्हटलं की आपली गाडी १८३२च्या ‘दर्पण’पासून सुटते, ‘केसरी’पाशी रेंगाळते आणि सनावळ्या पाठ करून घेऊन थांबते. हलत्या चित्रांच्या वाट्याला फार तर एक परिच्छेद. वास्तविक १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा मुंबईत झालेलं त्यांचं स्वागत आद्य चलचित्रकार सावेदादांनी कॅमेऱ्यात टिपलं होतं. भारतीय बातमीपटाची सुरुवात तिथूनच मानतात.

पुढे सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे बातमीपट सिनेमागृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात. असा एखादा धरणाच्या उद्घाटनाचा बातमीपट वर्गात लावावा, पण आवाज बंद ठेवून. काय दिसलं ते मुलांना लिहू द्यावं. मग आवाज सोडावा. निवेदक प्रगतीचं सांगतो. पडद्यावर मंत्री, हार आणि पाणी. ज्यांच्या जमिनी गेल्या ती माणसं चौकटीत आहेत का? सरकारी प्रचार आणि बातमी यांतला फरक या एका प्रश्नातून जेवढा कळतो, तेवढा नोट्समधून कळत नाही.

यानंतरचा धडा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचा. १९७५मध्ये अण्णा हजारे गावी परतले आणि पाणलोटाची कामं उभी राहिली. पण बांधामागे पाणी मुरायला पावसाळे जावे लागतात, वाहिनीला एवढा दम कुठला? अण्णांचं लोकपालसाठीचं उपोषण मात्र लगेच दिसतं. ऑगस्ट २०११मधलं दिल्लीचं रामलीला मैदान आणि त्याच डिसेंबरातलं मुंबईचं एमएमआरडीए मैदान, दोन्हींचं चित्रण शेजारी-शेजारी लावा. मुंबईत गर्दी रोडावली होती, उपोषण दुसऱ्याच दिवशी सुटलं. कॅमेरा व्यासपीठाला चिकटला की मैदान रिकामं आहे हे कळतच नाही. २०१३च्या डिसेंबरात अण्णा राळेगणमध्येच उपोषणाला बसले. त्या चित्रणात गाव किती आणि नेते किती, हे घड्याळ लावून मोजायला सांगा.

अडचण साहित्याची आहे. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली ग्रंथालयात चाळता येतात, वाहिन्यांचं जुनं, न कापलेलं चित्रण विद्यार्थ्याच्या हाती सहज लागत नाही. यूट्यूबवर सापडतात ते तुकडे, तेही अनेकदा तारखेविना.

म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, वाहिन्यांना चित्रण पुरवणाऱ्या स्ट्रिंगरना आणि व्हिडिओ शूटिंगवाल्यांना विनंती: जुन्या कॅसेट भंगारात देण्याआधी जवळच्या महाविद्यालयाला विचारा. आणि देताना तारीख, ठिकाण, कोणी चित्रण केलं, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या.