एएम, एफएम आणि रेडिओची खरखर

पुण्याच्या पूर्वेला, केडगावच्या उसाच्या पट्ट्यात पंपाचा स्टार्टर दाबला की मीडियम वेव्हवर खरखर होते, एफएमवर सहसा होत नाही. एवढ्यावरून अनेक समज पक्के होतात. मुळात मीडियम वेव्हवर वापरल्या जाणाऱ्या एएममध्ये लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त होते. एफएममध्ये उंची तीच राहते, वारंवारता किंचित मागेपुढे होते.

गैरसमज : एएम लांब जातं, एफएम जवळच संपतं.
वस्तुस्थिती : पल्ला मुख्यतः वारंवारतेच्या पट्ट्यावर आणि प्रक्षेपकाच्या ताकदीवर ठरतो. आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब असते. ती जमिनीला धरून, टेकाडांना वळसा घालून येते. पुण्याच्या विविध भारतीची १०१ मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरही भरत नाही. ती जवळपास सरळ जाते आणि डोंगर आड आला की क्षीण होते.

गैरसमज : वारंवारता जास्त, म्हणून एफएम स्वच्छ.
वस्तुस्थिती : तसं असतं तर विमानांचं बोलणंही तेवढंच स्वच्छ असतं. वैमानिक ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतात, म्हणजे एफएम पट्ट्याच्याही वर, पण एएममध्येच. त्याचा एक फायदा असा : दोघं एकदम बोलले तर एफएममध्ये जोरदार आवाज दुसऱ्याला गिळतो. एएममध्ये दुसराही बोलतोय हे निदान कळतं.
एफएमच्या स्वच्छतेचं खरं कारण वेगळं आहे. वीज किंवा स्टार्टरची ठिणगी मुख्यतः लहरीची उंची बिघडवते. एफएम रेडिओ ही उंचीतली गडबड छाटून टाकतो. शिवाय त्याला जागा भरपूर मिळते. आपल्याकडे मीडियम वेव्हच्या दोन वाहिन्यांत ९ किलोहर्ट्झचं अंतर. एफएमची लहर एकटीच दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत सरकते. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये पेटंट मिळवलं ते याच रुंद पट्ट्याच्या पद्धतीचं.

गैरसमज : रात्री लांबची केंद्रं लागतात, कारण ती ताकद वाढवतात.
वस्तुस्थिती : दिवसा वातावरणातला ‘डी’ थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर तो विरतो आणि वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात.

गैरसमज : एरियल ओढलं की सगळंच नीट लागतं.
वस्तुस्थिती : ती दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी. बहुतेक रेडिओंत मीडियम वेव्ह पकडते ती आतली आडवी फेराइटची कांडी. ७९२ लावताना रेडिओचं तोंड किंवा पाठ पुण्याकडे, म्हणजे पश्चिमेला करा आणि स्टार्टरच्या पेटीपासून तो लांब ठेवा.